नदीकडची भिंत

"गुरप्पा, शेवटाला भिंत पक्की करून घेतलीस की रं!" केराबाई आपल्या अंगणातूनच ओरडली. "आता गावानं हसायचं कुणाला?"

गुरप्पा गवंडी, म्हणजे महादेवीचे आप्पा, महिनाभर अक्कलकोटला एका मठाच्या बांधकामावर होते आणि नुकतेच एसटीतून उतरून आले होते. थापी-ओळंब्याची पिशवी अजून खांद्यावरच होती. नदीकडची भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"काय केलंस गं, महादेवी?"

"चुना फासला, आप्पा."

"आन् चुन्याखाली?"

"मातीच."

ठोकून बघायला त्यांनी बोटं मुडपली होती. ती तशीच खाली घेतली. "मग झ्याक दिसतीया," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. रात्री त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

चुन्याखाली सिमेंट होतं. महादेवी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होती. दुष्काळ संपून तीन वर्षं झाली होती, तरी सिमेंट परमिटवरच मिळे. चार पोत्यांसाठी तिने कचेरीत पाच खेपा घातल्या. शहरातून गवंडी आणला. त्याने सांध्यांतली माती खरवडून सिमेंट भरलं, दोन्ही अंगांनी गिलावा केला आणि भिंत कडेच्या खांबांशी पक्की जोडून टाकली. वडील साठीचे आहेत, दमेकरी आहेत, दर पुरानंतर माती तुडवणं आता त्यांना झेपत नाही, असं तिने त्याला सांगितलं होतं. कचेरीतल्या कारकुनालाही तेच सांगितलं होतं. आप्पांना ती रजा संपून परत जाताना सांगणार होती.

घर आप्पांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. सहा दगडी खांब, त्यांच्यावर माडी. गावाकडून मोकळी ओसरी. नदीकडची भिंत मात्र नुसत्या मातीत रचलेली, खांबांना कुठेही न जोडलेली. मोठा पूर आला की ती पहिल्याच रेट्यात जायची. पाणी खांबांमधून शिरायचं, ओसरीतून निघून जायचं. गाव त्यांना 'पडका गवंडी' म्हणायचं. लोकांच्या भिंती बांधतो आणि स्वतःची उभी राहत नाही, म्हणून. आप्पाही हसायचे. "पाणी आडवलं की ते घर ढकलतंय," ते म्हणायचे. "भिंत काय, चार दिसांत पुन्हा उभी करीन. खांब गेलं तर माडीवरची माणसं कुठनं आणू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. आभाळ कोरडं होतं. पाऊस वर, पुण्याकडे पडला होता. फुगली ती इथली भीमा. खालच्या आळीतली माणसं दर वेळेसारखी आप्पांच्या माडीवर चढली. अकरा जण होते. त्यांत केराबाईची बाळंतीण सून होती, महिपती होता, त्याची आंधळी आई होती.

पाणी भिंतीला कमरेइतकं लागलं. मग छातीइतकं. भिंत पडली नाही. माडीच्या फळ्या थरथरू लागल्या. कोपऱ्यातला तांब्या आपोआप सरकत माडीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला.

"आतापत्तुर जायला पायजे हुती," आप्पा म्हणाले.

ते जिन्याने खाली उतरले. महादेवी मागोमाग गेली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली. आतल्या गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी भिंतीवर बोटं ठोकली. एकदाच. मग वळून तिच्याकडे पाहिलं.

"पहार दे," ते म्हणाले.

जिन्याखालची पहार तिने उचलून दिली.

नवव्या घावाला भिंत फुटली. पाणी आत आलं आणि ओसरीतून बाहेर गेलं. माडीची थरथर थांबली. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. खाली कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा देह सापडला, दोन कोस खाली, बाभळीत अडकलेला. माती दिल्यावर माणसं येऊन ओसरीत बसली. सहाही खांब जागच्या जागी होते. त्यांच्यामधून नदी दिसत होती.

मग महिपतीने डोळे पुसले.

"आमी हसलो, म्हणून गुरप्पा भ्याला," तो म्हणाला. "जल्मभर मातीत रचली आन् शेवटाला शेराचा गवंडी बोलवून सिमिट लावून घेतलं. सोताच्या कामावर भरवसा राह्यला न्हाय बिचाऱ्याचा."

"वय झालं की व्हतंय तसं," आणखी कुणीतरी म्हणालं. माना हलल्या. त्यांतली एकही मान वाईट मनाने हलली नव्हती. उद्यापासून गावात हेच सांगितलं जाणार होतं, आणि खोटं ठरवायला आप्पा नव्हते.

"आप्पांनी नाही लावलं," महादेवी म्हणाली. "सिमेंट मी लावून घेतलं. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, मातीच आहे."

महिपतीने तोंडाशी धरलेला पाण्याचा पेला खाली ठेवला.

केराबाई सरकत जवळ आली. तिने महादेवीच्या पाठीवर हात ठेवला.

"बापाच्या काळजीनं केलंस, बाई," ती म्हणाली. "लेकीची माया असती ती. त्याला ठावं हाय."

कारकुनाला सांगितलेलं, गवंड्याला सांगितलेलं वाक्य आता दुसऱ्याच्या तोंडून तिच्याकडे आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"काळजी नव्हती, केराकाकू," महादेवी म्हणाली. "मला त्यांची लाज वाटायची."