एका बटणाला चार माणसं

"पोरगी वादविवादात जिल्ह्यात पहिली आली!" म्हणत मुरलीधरनं सरकारी डेअरीतल्या तिन्ही सोबत्यांच्या हातावर पेढा ठेवला. 'सरकारने धंदा करू नये' ही बाजू तिला चिठ्ठीत आली होती. ती रडवेली झाली, म्हणून भाषण त्यानंच लिहून दिलं. बावीस वर्षं आतून बघितलेलं सगळं भराभर कागदावर उतरलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. सगळ्यांना आवारात बोलावून मोठ्या साहेबांनी डेअरी बंद करण्याचा हुकूम वाचला.

"वर्षभर फाईल पडून होती, माझा हात धजत नव्हता," ते म्हणाले. "परवा एका स्पर्धेला पाहुणा होतो. नववीतली मुलगी म्हणाली, 'बाटल्या धुण्याच्या मशीनला बटण एक, दाबायला माणसं चार, त्यातली तीन चहाला!' लेकराला कळतं ते मला कळू नये? काल सही करून टाकली."

मुरलीधरनं पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला. त्या मशीनवर अकरा वर्षं हे चौघेच होते.

शेजारच्या इस्माईलचं तोंड चालायचं थांबलं. अर्धा पेढा तळहातावर काढून त्यानं हळूच विचारलं, "मुरली, पोरीचा विषय काय होता रे?"