कॅमेरा धरणारी

कट्! सुई धरायच्या चिमट्याचा दात अडकला. दुपारच्या स्वयंपाकघरात तेवढाच काय तो आवाज.

"बसली गाठ?" ठकीने कुजबुजत विचारलं. ती ओट्याजवळच्या स्टुलावर गुडघे टेकून बुटांच्या खोक्यात टॉर्च मारत होती.

"अजून नाही. उजेड हलवू नकोस गं."

खोक्याला दोन भोकं, त्यांतून आत गेलेली दोन लांब दांड्यांची अवजारं, आत चिकटवलेला छोटा कॅमेरा आणि ऑपरेशनच्या हातमोज्याचं कापलेलं बोट. त्या बोटाचे दोन तुकडे आई पुन्हा जोडत होती, आत न डोकावता, समोरच्या पडद्यावर कॅमेरा दाखवेल तेवढंच बघत. उद्या सकाळी हेच एका बाळाच्या छातीत करायचं होतं. परवाच जन्मलेलं. अन्ननलिका मध्येच खुंटलेली, दुधाचा थेंब पोटात जात नव्हता. छाती न उघडता, बारीक भोकांतून ती जोडायचं ऑपरेशन त्यांच्या मेडिकल कॉलेजात आजवर कुणी केलं नव्हतं. आई ते शिकून आली होती. ठकी झोपल्यावर, ठकी उठायच्या आधी, आणि ठकी ऐकेनाशी झाली की तिच्याच हातात टॉर्च देऊन, तिने वर्षभर हातमोजे शिवले होते. कारण विभागातली रीतच तशी होती. नवं ऑपरेशन जो पहिल्यांदा करतो, ते पुढे त्याचं. बाकीच्यांनी त्याला आतलं दिसावं म्हणून कॅमेरा धरायचा.

फोन वाजला.

"ठकी, स्पीकरवर टाक. माझे हात गुंतलेत."

विभागप्रमुख मॅडम होत्या. "अगं, उद्याची केस युवराज करेल. तू कॅमेरा धर."

युवराज म्हणजे आईच्या मागून विभागात आलेला सर्जन. नाव नर्सेसनी ठेवलं होतं, चिडून. मॅडम ते लाडाने वापरायच्या.

आईचे हात खोक्यात तसेच राहिले. "मॅडम, त्याने हे कधी केलेलं नाही."

"तू आहेस ना शेजारी. अडला की हात द्यायचा. हक्काने सांगतेय तुला."

"म्हणजे टाके मी घालायचे आणि ऑपरेशन त्याचं. आयत्या बिळावर नागोबा."

"असं तोडून बोलू नकोस. तुझ्याच काळजीपोटी करतेय हे. ऑपरेशन लांबलं म्हणजे? नंतर बाळापाशी थांबावं लागलं म्हणजे? परवा मीटिंगमधून मध्येच उठून गेलीस, सगळ्यांनी बघितलं."

"मीटिंग सहाला सुरू होते, मॅडम. पाळणाघर सातला बंद होतं. दुपारी सगळे कॅन्टीनमध्ये गप्पा हाणत बसलेले असतात, तेव्हा घ्या की."

"ती वेळ मी नाही ठरवली."

"बदलू तर शकता. विभाग आता तुमचा आहे."

मॅडमचा आवाज खाली आला. "माझ्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं ना, तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. कुणापाशी रडले नाही मी."

"रडायला हवं होतंत. निदान आमच्या वाट्याला तरी तेच देऊ नका."

"बघ. हा सूर. ह्यानेच माणसं लांब जातात."

"युवराजला दोन मुलं आहेत, मॅडम."

"त्याची बायको असते घरी."

"मग तिलाच टेबलाशी उभी करा! तिच्या जिवावर चाललंय ना सगळं?" आईचा आवाज चढला. "आणि बाळाच्या आईवडिलांचं काय? मी त्यांना समोर बसवून चित्र काढून समजावलंय. ती बाई अजून नीट चालू शकत नाही, भिंतीला धरून आली होती. मला म्हणाली, तुम्हीच करणार ना? मी हो म्हटलं, तेव्हा सही केली तिने."

"सही कॉलेजच्या नावाने असते. तुझ्या नावाने नसते."

"मी उद्या आलेच नाही तर?"

"येशील तू," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. औषधाची मात्रा सांगावी तशा. "त्याच्या हाताखाली ते पोर एकटं सोडवणार नाही तुला. आई आहेस तू."

खरं होतं ते. आई जाणार होती. वेळेआधी जाणार होती, आणि युवराजचा हात अडला की काही न बोलता स्वतःचा पुढे करणार होती. हे मॅडमना पक्कं माहीत होतं आणि त्यावरच सगळा बेत रचला होता. लाज कशी वाटत नाही, असं विचारायला तिने तोंड उघडलं.

"आणि एवढं मनाला लावून घेऊ नकोस," मॅडम त्याआधीच म्हणाल्या. "लेक जरा मोठी होऊ दे. मग करशीलच की सगळं. कोण अडवतंय तुला?"

फोन बंद झाला.

आईने दोरा ओढला. इतक्या जोरात, की हातमोज्याचं बोट उभं चिरत गेलं. तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती ठकीने या घरात कधीच ऐकली नव्हती.

ठकीने टॉर्च विझवला. स्टुलावरून हळूच उतरली. ओट्याला पाठ चिकटवून, हनुवटी वर करून, टाचा उचलून ती जमेल तेवढी ताठ उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "केवढी मोठी झाले की चालेल त्यांना?"