बुक्कीचं बोनेट

रेकॉर्ड खात्यातून वामनराव निवृत्त झाले, तेही साहेबांनी हातापाया पडून दोन वर्षं जास्त थांबवल्यावर. मग त्यांनी कळमेश्वरच्या कारखान्यांचा माल वाहायला एक जुना ट्रक घेतला. स्टेपनीसारखा ड्रायव्हर नत्थूजीही त्याच्यासोबतच आला.

नत्थूजी ट्रक बैलगाडीच्या चालीनं हाकी आणि दुपारी लिंबाखाली घोरत पडे. पण बोनेट मात्र त्याच्याशिवाय कुणालाच उघडत नसे. डावीकडे एक बुक्की, मग गुडघा टेकून काहीतरी खटपट, की झालं. त्याला काढायचं वामनराव दर महिन्याला ठरवत. इंजिन गरम झालं की बेत थंड होई.

शेवटी नत्थूजी लग्नाला रामटेकला गेल्याचं बघून त्यांनी गुड्डू मिस्त्रीला बोलावलं. नवा ड्रायव्हर तर ठरलेलाच होता.

गुड्डू बंपरखाली शिरला आणि हसतच बाहेर आला. "काकाजी, लॅचले काहीच नाही झालं. केबिनमधून येनारी तार कोनं तरी मुद्दाम ढिली केली हाय. तुमचा नत्थूजी गुडघा टेकून खालून बोटानं हूक ओढते. बुक्की निस्तं नाटक. देऊ तार कसून?"

वामनरावांनी वाकून ती ढिली तार बघितली.

"राहू दे. ढिलीच ठेव."

"काहून जी?"



"मले ऑफिसनं दोन वर्षं काहून थांबवलं होतं, मालूम आहे? रेकॉर्डचं कपाट माझ्या एकट्याच्याच बुक्कीनं उघडे."