देवळाला धोका नाही

पहिला भोंगा वाजला आणि गुणाजी ओरडला, "द्रौपदी आत बसलीय!"

दोरीपलीकडे उभ्या असलेल्या साऱ्या गावाच्या माना देवळाकडे वळल्या. मरोळ गावठाणातलं ते गावदेवीचं देऊळ काळ्या दगडाचं, कुणाच्या पणजोबांनाही जुनंच आठवणारं. त्याच्या पाठीमागची टेकडी विमानतळाच्या नव्या कामासाठी फोडायची होती. आज पहिला मोठा सुरुंग. दुसऱ्या भोंग्यानंतर कुणी जागचं हलायचं नाही आणि तिसऱ्याला स्फोट, असं ठरलेलं.

"आता उडवा!" गुणाजी म्हणाला. गिरणीच्या संपात घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज फाटला होता, पण जोर गेला नव्हता. "बाईमाणूस सत्याग्रहाला बसलंय. बघू कुणाची हिंमत होते!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजा दोरीच्या अलीकडे, कामावरच्या माणसांत उभी होती.

या कामाचा आजूबाजूच्या जुन्या वास्तूंना किती धक्का बसेल, हे तपासायला तिला नेमलं होतं. देवळाच्या मागच्या भिंतीला एक भेग होती. त्या भेगेवर तिने काचेची पट्टी बसवली होती. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार. गेल्या आठवड्यात एक लहान सुरुंग उडवून पाहिला आणि काच मधोमध तडकली.

ती धावत नंदकुमार सरांकडे गेली होती. सरांनी तिला कॉलेजात शिकवलं होतं, या कामावरही त्यांनीच घेतलं होतं. "उन्हाने तडकली असेल," सर म्हणाले. "नवीन लाव. आणि गावात जाऊन सांग, काही होणार नाही म्हणावं."

तिने नवीन लावली. मग ओट्याओट्यावर बसून लोकांना सांगितलं, देवळाला धोका नाही. बहुतेकांनी तोंड फिरवलं. एकाने तर तोंडावरच म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांच्याच." देवळाची झाडलोट करणारी द्रौपदी तेवढी नीट ऐकून घेत होती. ती लग्न होऊन कोकणातून इथे आलेली, नवरा गेल्यापासून देवळालगतच्या खोलीत एकटीच राहायची. ऐकता ऐकता ती मान हलवत राहिली.

आणि आज ती त्या भिंतीच्या आत होती.

"सर, थांबवायला सांगा," पद्मजा म्हणाली. "आत माणूस आहे."

सरांनी जीपजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांकडे एक नजर टाकली. ते खास तपासणीला आले होते. सरांनी आवाज खाली आणला. "काय सांगून थांबवू? देवळाला धोका नाही असं आपणच सांगितलंय ना यांना? धोका नाही, तर ती आत असली काय नि नसली काय! नाटक आहे गं सगळं. दुसरा भोंगा झाला की येईल पळत बाहेर."

दुसरा भोंगा झाला. बाहेर कुणीच आलं नाही.

टाळ्या थांबल्या. गुणाजीचा चेहरा उतरला. "द्रौपदे, पुरे झालं गं! बाहेर ये!" तो घसा ताणून ओरडला. त्याच वेळी धावपट्टीवर उतरणारं एक विमान डोक्यावरून घरघरत गेलं आणि त्याची हाक त्यात बुडून गेली.

सुरुंग लावणारा शिवदास यंत्रापाशी उकिडवा बसला होता. त्याचा हात मुठीवर होता, डोळे सरांवर. सरांनी रुमालाने कपाळ टिपलं आणि भोंगेवाल्याला खूण करायला हात वर केला.

पद्मजा धावली. तिने शिवदासचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"काच फुटली होती!" ती अधिकाऱ्यांच्या दिशेने ओरडली. "लहान सुरुंगातच फुटली होती. मी बदलली. आता छत खाली येईल!"

जीपजवळचे अधिकारी पुढे आले.

"पद्मजा, काय बोलतेयस कळतंय का तुला?" सर म्हणाले.

"कळतंय, सर."

अधिकाऱ्यांनी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत राहिले. तेवढ्यावरून त्यांना समजायचं ते समजलं. त्यांनी शिवदासला तारा काढायला लावल्या. देवळाच्या बाजूला सुरुंग लावायचा नाही, तिथला दगड छिन्नी-हातोड्यानेच फोडायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. सर जीपमध्ये बसले. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच तिला म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

गाव द्रौपदीच्या नावाने जयजयकार करत होतं. पद्मजा देवळात शिरली. द्रौपदी देवीशेजारी मांडी घालून, मागच्या भिंतीला टेकून निवांत बसली होती. पद्मजा तिच्यासमोर खालीच बसली आणि तिने तिचे हात हातात घेतले.

"मावशी, तुम्ही एवढा विरोध केलात म्हणून माझं तोंड उघडलं. नाहीतर मी गप्पच राहिले असते."

द्रौपदी भिंतीपासून पुढे सरकली.

"इरोध? मी कित्याक इरोध करू, बाय? लोका तुमका खोटी म्हणत होती, माका ता बरा नाय वाटला. म्हटलंय, आपण आत बसान दाखवया."