कावालाचा किल्ला

देस्पिनाआजींनी पांघरुणाखाली दोन्ही गुडघे उंच केले. हा किल्ला. समोरचा जेवणाचा ट्रे म्हणजे बंदर. दह्याच्या वाटीला टेकवलेले चमचे म्हणजे गावाच्या मधोमध उभा असलेला, उंच कमानींचा जुना पाण्याचा पूल.

शेजारच्या खाटेवरून वसुधा फोन कानाला लावून ते गाव बघत होती.

"काल पोचल्याचा फोन नाही केलास," साताऱ्याहून आई म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"अगं, पोचायलाच उशीर झाला. पण गाव छान आहे, कावाला नावाचं. किल्ला आहे, बंदर आहे, मधोमध जुना पाण्याचा पूल आहे."

खरं म्हणजे काल हॅम्बर्गच्या या हॉस्पिटलात तिच्या पोटातली गाठ काढली होती. कसली गाठ, ते डॉक्टर दुपारी सांगणार होते. आईचं ब्लडप्रेशर आधीच वर, त्यात घरी एकटी. म्हणून परवा दाखल होताना वसुधाने 'आम्ही फिरायला चाललोय' असं ठोकून दिलं होतं. "कुठे?" म्हटल्यावर शेजारच्या खाटेवरच्या ग्रीक आजींकडे बघून "ग्रीसला" म्हणाली. आता थाप निभावणं आलं. देस्पिनाआजी मात्र खूश होत्या. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या गावाला निघालं होतं.

"त्या पुलावरून अजून पाणी येतं का गं?" आईने विचारलं.

वसुधाने फोनवर हात धरून जर्मनमध्ये विचारलं. "नाइन, नाही, कधीचंच बंद झालं," आजी म्हणाल्या.

"नाही येत, आई."

"शेजारी कोण बोलतंय?"

"इथल्या एक आजी आहेत. गाव दाखवतायत." एवढं तरी खरं होतं.

"आणि किल्ल्यावर चढलीस?"

"चढले की. वरून सगळा समुद्र..."

खोकला आला. तिने तो दाबला, तर पोटात अशी कळ उठली की डोळ्यांत पाणीच आलं. तोंडावर हात धरून ती अर्धा अर्धा खोकत राहिली. देस्पिनाआजी घाबरून उठून बसल्या, आणि किल्ला खाली गेला.

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. फोन तुटला, की आईला कळलं?

"आई? आहेस ना?"

"आहे." आईचा आवाज अगदी हळू झाला होता. "वसू, उशी घे. पोटावर घट्ट धर आणि मग खोक. तुझ्या वेळी सिझेरियनचे टाके ओले होते, तेव्हा मीही अशीच खोकायचे."

वसुधाने उशी ओढून घेतली.

"धरलीस?"

"हं."

"हं. आता सांग, किल्ल्यावरून आणखी काय दिसतं?"