किळसेचं कुलूप

रेवती घोलपनं कपाळावर यंत्राची पट्टी बांधली आणि कुजलेल्या कोळंबीची बाटली नाकाशी धरली. गोपनीय फायलींचं कुलूप फक्त तिच्या किळसेनं उघडायचं. पासवर्ड चोरता येतो, बोटाचा ठसा उचलता येतो, पण किळसेचं सोंग यंत्रापुढे कुणालाच जमत नाही. अकरा वर्षांत मात्र तिचं नाक मेलं होतं. आज कुलपाचा दिवा लालच राहिला.

"आटपा हो मॅडम," गोगटेसाहेब म्हणाले. "शेठ खाली गाडीत बसलेत. वसतिगृहातल्या त्या आठ पोरींची नावं तेवढी हवीत त्यांना."

पोरींनी तक्रार केली होती ती याच शेठची. कुलूप उघडत नाही तेच बरं, असं मनाशी म्हणत रेवतीनं बाटलीला बूच लावलं.

साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची लेकही त्याच वयाची ना? शेठ तिला चिकटवतील कुठेतरी. फार प्रेमळ माणूस!" आणि तंबाखूनं काळे पडलेले दात दाखवत ते हसले.

रेवतीला एकदम ढवळून आलं. पट्टी अजून कपाळावरच आहे हे ध्यानात येताच तिनं ती ओरबाडून काढली. पण दिवा हिरवा झाला होता, आणि साहेब पडद्यावरच्या आठ नावांचा फोटो काढत होते.