स्टाफरूममधला बाक

विभागप्रमुख बाकाच्या गोष्टीवर आले तेव्हा मुलीने मान वर केली.

"पोरगा तापाने फणफणलेला," ते माईकवरून सांगत होते, "मॅडमनी त्याला स्टाफरूममधल्या बाकावर झोपवलं, अंगावर स्वतःचा स्वेटर घातला आणि शेजारच्या वर्गात जाऊन तास घेतला. मधूनच विद्यार्थ्यांना एखादं गणित घालायच्या आणि हळूच येऊन पोराच्या कपाळाला हात लावून जायच्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अशी आई होणे नाही!"

शोकसभा हळहळली. तो पोरगा, आता चांगला बाप्या झालेला, पहिल्या रांगेत बहिणीच्या शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. स्टेजवर आईचा फोटो होता. विद्यापीठाच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, त्यामुळे आई जराशी वैतागलेली दिसत होती. प्रसंग पाहता ते बरंच होतं.

बाकाची गोष्ट मुलीला पाठ होती. विभागप्रमुखांनी ती पहिल्यांदा सांगितली निवड समितीपुढे. तेव्हा ते प्रमुख नव्हते. आईच्या बरोबरीने व्यवस्थापन शिकवत होते आणि तिच्याच बरोबरीने त्या खुर्चीसाठी मुलाखत द्यायला आले होते. त्या दिवशी आई घरी आली ती बूट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "त्यांनी बाकाचं सांगितलं गं," एवढंच म्हणाली. "माझ्या आधी आत जाऊन." समितीने तिला विषयातलं अवाक्षर विचारलं नव्हतं. मुलं आजारी पडली तर विभाग कोण बघणार, एवढंच घोळून घोळून विचारलं. मग ती उठली, तोंड धुतलं आणि मुलीचा भूगोलाचा नकाशा रंगवायला बसली, कारण तो दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचा होता. समुद्र तिने फारच गडद रंगवला.

"पुढे विभागप्रमुखपदाचा विषय निघाला," माईक सांगत होता. "मान मॅडमचाच होता. पण मुलं लहान. तेव्हा त्यांच्या घराचा विचार करून असं ठरलं, की हा भार मी उचलावा."

असं ठरलं. मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. तिथे आईचे जुने विद्यार्थी बसले होते, आता लोकांना नोकरीवर ठेवणारे आणि काढणारे साहेब झालेले. आईच्या वर्गात हे शब्द चालत नसत. एखाद्या बुडालेल्या कंपनीची केस चर्चेला असली आणि कुणी म्हणालं, 'मग कारखाना बंद करायचं ठरलं', की आई खडू खाली ठेवायची. "कुणी ठरवलं? कारखान्याला आपोआप कुलूप लागत नाही. माणूस दाखवा." माणूस सापडेपर्यंत ती पुढे सरकत नसे. त्या एका प्रश्नाने यांतल्या कितीतरी जणांना तेव्हा घाम फोडला होता. आज एकालाही तो विचारावासा वाटला नाही. एकाने मोबाइल काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"आता मॅडमची कन्या दोन शब्द बोलेल."

मुलगी उठू लागली तसा भावाने तिचा हात धरला.

"ताई, प्लीज. पुढच्या महिन्यात माझा इंटरव्ह्यू आहे."

"माहीत आहे."

"समितीवर सर आहेत." तो याच विभागात तात्पुरता शिकवत होता आणि कायम होण्याची वाट बघता बघता त्याचे कानापाशी केस पिकले होते. "आई असती तर तिने काय केलं असतं, तूच सांग."

"गिळलं असतं. तुझ्यासाठी गिळलं असतं. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जातेय."

त्याने हात सोडला. नजर मात्र सोडली नाही.

ती माईकपाशी गेली. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर होता. आईचाच, खडू खाली ठेवून विचारलेला. विभागप्रमुख मान तिरकी करून, घरचे असल्यासारखे, कौतुकाने बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. इतक्या वेळा सांगून त्यांना आता ती भार उचलल्याची गोष्ट खरी वाटू लागली असावी. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. भाऊ शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून बसला होता, आणि त्याला तसा बसलेला बघून तिचा जीव गलबलला. त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं, तिला कळेना.

"सर म्हणाले ते खरं आहे," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत निघाला, त्याचाच तिला संताप आला. "आईने ते पद आमच्यासाठी सोडलं."

पुढे तिला बोलवेना. ते लोकांनी समजून घेतलं. दोघी-तिघींनी डोळ्यांना रुमाल लावले. विभागप्रमुख पुढे आले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

"अगदी आईवर गेलीस गं, पोरी."

मग सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती करण्यात आली. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. गप्प राहण्याचा सगळ्यांना चांगला सराव होता.